साचा आणि साचेबंद : किर्लोस्करवाडीच्या भट्टीविषयी

मराठी समीक्षेत ‘साचेबंद’ हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरला जातो. कथा साचेबंद, व्यक्तिरेखा साचेबंद, भाषा तर साचेबंदच. गेली वीस वर्षे उत्तरपत्रिकांच्या समासात मीही हा शब्द लाल शाईने लिहीत आले आहे आणि तो लिहिताना कधी हात अडखळल्याचे स्मरत नाही. काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या वर्गातील एका मुलाचा निबंध मी असाच शेरा मारून परत केला. हा मुलगा औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत रात्रपाळी करून सकाळच्या तासाला येत असे. पहिल्या तासाला त्याचे डोळे मिटत, हे मी पाहिले होते आणि त्याबद्दल मनातल्या मनात थोडी नाराजही होते. तास संपल्यावर तो निबंध घेऊन आला आणि अगदी सरळपणे म्हणाला, “मॅडम, साचा एकाच ओतकामापुरता असतो. माल बाहेर काढायचा म्हणजे साचा फोडावाच लागतो. पुन्हा पुन्हा वापरतात तो पॅटर्न. मग साचेबंद म्हणजे तुम्हाला नेमके काय म्हणायचे होते?”

त्या वेळी मी काहीतरी उत्तर दिले. ते येथे लिहिण्याच्या योग्यतेचे नाही. पण प्रश्न मागे राहिला. धातूच्या कायम साच्यात ओतण्याची पद्धतही आहे, हे मला नंतर कळले. परंतु बिडाचे बहुतेक ओतकाम वाळूतच होते, आणि तेथे त्या मुलाचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. लाकडी पॅटर्न करायचा, तोही किंचित मोठा, कारण धातू थिजताना आकसतो. पेटीत ओलसर वाळू ठासून त्यात पॅटर्नचा ठसा उमटवायचा. पॅटर्न अलगद उचलून घ्यायचा. पोकळ भाग हवा असेल तर आत वाळूचाच कोअर बसवायचा. वितळलेला रस आत जायला एक वाट आणि कोंडलेली वाफ बाहेर पडायला दुसरी ठेवायची. रस ओतून थिजला की सगळे फोडायचे. वाळू चाळून, पुन्हा भिजवून नव्या साच्याला लागते. म्हणजे ज्याला आपण अचलतेचे प्रतीक मानतो, ती या धंद्यातली सर्वांत अल्पायुषी वस्तू आहे.

हा प्रश्न मला अधिक बोचला तो आणखी एका कारणाने. त्याच सत्रात मी ‘वाङ्मयीन नियतकालिके’ हा घटक शिकवत होते आणि त्यात अर्थातच ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’ ही मासिके होती. माझ्या आत्याकडे ‘स्त्री’चे बांधून घेतलेले खंड होते, त्या मासिकांवर माझे पिंडपोषण झाले असे म्हटले तरी चालेल. संपादकांची नावे, वर्षे, गाजलेले लेख मला मुखोद्गत. पण ही मासिके ज्या नावाने निघाली ते नाव मुळात एका नांगराचे आणि एका ओतशाळेचे आहे, हे वाक्य मी वर्गात ‘प्रास्ताविक’ म्हणून दोन मिनिटांत संपवीत असे. आमच्या गावाहून किर्लोस्करवाडी रेल्वेने फार लांब नाही. स्टेशन शेकडो वेळा पाहिले होते. भट्टीचा विचार एकदाही केला नव्हता. आपल्या वाङ्मयेतिहासानेही तो फारसा केलेला नाही, आणि ही चूक केवळ तपशिलाची नाही, असे माझे म्हणणे आहे.

इतिहास थोडक्यात असा. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. रंगांधळेपणामुळे रंगकाम जमेना. मग यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. हक्काची बढती दुसऱ्याला मिळाल्यावर नोकरी सोडून बेळगावला आले. भावाबरोबर सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याची यंत्रे, मग लोखंडी नांगर. बेळगावची जागा नगरपालिकेच्या निर्णयामुळे सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकरांचा माळ आणि दहा हजार रुपये कर्ज दिले. मार्च १९१० मध्ये निवडुंग तोडून त्या माळावर वसाहत उभी राहू लागली. पुढे स्टेशनचेही नाव बदलले. २०१० साली वाडीची शंभरी झाली. नांगर कधीच मागे पडला, तरी पंपांचा कारखाना आजही चालू आहे.

ही कथा मराठी वाचकाला इतकी ठाऊक आहे की तिचा आता पाठ झाला आहे. माळरानाचे नंदनवन, ध्येयवादी उद्योजक, रसिक राजा. (येथे मात्र ‘साचेबंद’ म्हणायला हरकत नसावी!) मला त्यात रस आहे तो दोन-तीन ठिकाणी, जेथे ही कथा फार घाईने पुढे सरकते.

पहिले ठिकाण नांगराचे. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, म्हणून सुरुवातीचे नांगर खपेनात, हा प्रसंग प्रत्येक चरित्रात येतो. तो येतो तो शेतकऱ्याच्या अडाणीपणाचा पुरावा म्हणून आणि अर्थातच उद्योजकाच्या चिकाटीला पार्श्वभूमी म्हणून. पण क्षणभर त्या शेतकऱ्याच्या बाजूने पाहू या. लाकडी नांगर गावचा सुतार करीत असे, फाळ गावचा लोहार शेवटून देत असे, आणि दोघांची देणी सुगीला धान्यात फिटत. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ १९१५ चे. म्हणजे वाडीची भट्टी पेटून पाच वर्षे झाली होती, तेव्हाच त्या व्यवस्थेचे ते तपशीलवार आणि बरेचसे चिडलेले वर्णन प्रसिद्ध झाले. आता या व्यवस्थेत बिडाचा भाग आला. बीड कडक असते पण ठिसूळ असते. पोलादासारखे ते तापवून ठोकता येत नाही. घणाखाली ते वाकत नाही, फुटते. म्हणजे नांगराचा भाग मोडला तर गावच्या लोहाराला तो सांधता येणार नाही, बलुत्यातून तो भरून निघणार नाही. तो रोख पैसे मोजून दुरून मागवावा लागणार. शेतकरी ‘जमीन विषारी होईल’ असे म्हणाला असेल. पण त्याच्या मनातली भीती इतकी अवैज्ञानिक नव्हती. एका कास्तकाराचा त्याच्या गावाशी असलेला संबंध त्या फाळात अडकला होता.

याला कारखान्याने दिलेले उत्तर भाषणाचे नव्हते, पॅटर्नचे होते. एकाच पॅटर्नवरून काढलेला फाळ कोणत्याही नांगराला बसतो. मोडला तर दुसरा त्याच मापाचा मिळतो. सुटे भाग ही कल्पना आज आपल्याला इतकी सवयीची आहे की तिच्यातले नावीन्य दिसत नाही. लाकडी नांगर प्रत्येक गावात वेगळा होता. सुताराच्या हाताप्रमाणे, रानातल्या लाकडाप्रमाणे. त्याला व्यक्तिमत्त्व होते, असे आपण समीक्षक म्हणू. शेतकऱ्याने शेवटी निवड केली ती एकसारखेपणाची, कारण ऐन पेरणीच्या तोंडावर त्याला व्यक्तिमत्त्व नको होते, बसणारा फाळ हवा होता. एकसारखेपणा म्हणजे मृत्यू, ही आपली वाङ्मयीन धारणा या माणसाला कशी समजावून सांगणार? आणि त्याच वेळी हेही खरे, की या एकसारखेपणाने सुताराचे आणि लोहाराचे काम हळूहळू गेले. या दोन्ही गोष्टी एकाच ओतकामातून निघाल्या. एकीचे गोडवे गाताना दुसरी विसरायची, किंवा दुसरीसाठी उसासे टाकताना पहिली नाकारायची, या दोन्ही सवयी आपल्याकडे आहेत.

दुसरा प्रसंग तोफांचा. पहिल्या महायुद्धात कच्चे बीड मिळेनासे झाले. तेव्हा शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. हा प्रसंग सांगताना आपल्या वक्त्यांचा कंठ दाटून येतो. मला मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसते. गडावरची तोफ म्हणजे इतिहासाचे मूर्तिमंत प्रतीक. आज कोणी तसा विचार नुसता बोलून दाखवला तरी काय होईल, हे सांगायला नको. शाहू महाराजांना वारशाचे मोल ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? पण धातू हा धातू आहे आणि रयतेला फाळ हवा आहे, हा हिशेब त्यांना लाजिरवाणा वाटला नाही. स्मृतीपेक्षा उपयोग मोठा मानण्याचे हे धाडस आपल्याकडून कधी निसटले, याचा शोध कोणी तरी घ्यायला हवा. मी येथे फक्त नोंद करते.

आता मासिकाकडे येते. किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी नोंदली गेली ती १९२० साली, आणि ‘किर्लोस्कर खबर’ निघाले तेही १९२० सालीच. हा योगायोग नव्हे. ‘खबर’ हे मुळात कारखान्याचे पत्रक होते. गिऱ्हाइकांना आणि दलालांना मालाची माहिती देणारे. ते चालवणारे शंकरराव किर्लोस्कर (१८९१–१९७५) लक्ष्मणरावांचे पुतणे, शिक्षणाने चित्रकार. नावातले ‘खबर’ पुढे गळाले. ऑगस्ट १९३० मध्ये ‘स्त्री’ आले आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मध्ये आले, ‘गोट्या’चे जनक ना. धों. ताम्हनकर वाडीतच राहून काम करीत होते. हे सर्व आपण शिकवतो. शिकवत नाही ते हे, की या मासिकांचे गद्य कोठून आले.

माझा तर्क असा आहे, आणि तो तर्कच आहे: जे पत्रक आरंभी नांगर कसा जोडावा, पंप कसा बसवावा हे सांगण्यासाठी निघाले, त्याच्या भाषेला वळण लागले ते त्या कामाचे. वस्तू समोर आहे, वाचक दूर आहे, त्याला ती न पाहता समजली पाहिजे. असे गद्य अलंकारावर चालत नाही. १९३० च्या आसपासचे आपले लोकप्रिय ललित गद्य आठवून पाहावे. कल्पनाविलास, सुभाषितांची लयलूट, प्रत्येक वाक्याला शेवटी एक वेलांटीदार झोका. त्याच्या शेजारी ‘शंवाकिं’चे गद्य ठेवले तर ते कोरडे वाटेल. विद्यार्थी तसे म्हणतातही. परंतु पुनर्विवाहाविषयी, मुलींच्या शिक्षणाविषयी, सोवळ्याओवळ्याविषयी घराघरात जाऊन बोलायचे होते तर ते याच गद्यात बोलता आले असते. विचार हा सुटा भाग आहे, तो नागपूरच्या आणि निपाणीच्या घरात सारखाच बसला पाहिजे, अशा श्रद्धेने ही मासिके चालली. सत्यकथेच्या परंपरेत वाढलेल्या आम्हा प्राध्यापकांना या गद्याचे वाङ्मयीन मोल कधी ठरवताच आले नाही. म्हणून आम्ही त्याला ‘सामाजिक कार्य’ या रकान्यात टाकून मोकळे झालो.

येथवर मी वाडीची बाजू घेतली. आता तक्रार.

वाडीविषयी जे जे लिहिले गेले ते जवळजवळ सगळे मालकांच्या किंवा त्यांच्या जवळच्या माणसांच्या लेखणीतून आले आहे. शंकररावांचे ‘शंवाकिय’ हे आत्मचरित्र, शंतनुरावांचे इंग्रजी आत्मकथन, चरित्रे, गौरवग्रंथ. त्यांत कामगार भेटतात ते आठवणींतल्या पात्रांसारखे: निष्ठावान, विक्षिप्त, आणि बहुतेक वेळा कृतज्ञ. तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी वसाहतीचे रखवालदार नेमले, हा प्रसंग पाहा. ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जातीच्या माणसाच्या हाती किल्ल्या देणे ही त्या काळात असामान्य गोष्ट होती, यात शंकाच नाही. वाडीत अस्पृश्यता पाळू दिली जात नसे, हेही विसरता कामा नये. पण सांगणाऱ्याच्या तोंडी त्या रखवालदाराची ओळख कायम राहिली ती ‘सुधारलेला गुन्हेगार’ हीच. रात्री त्या वसाहतीभोवती फिरताना त्याला काय वाटत असेल, हे लिहायला त्याच्याकडे मासिक नव्हते. शंभर पावलांवर छापखाना होता, तरीही नव्हते.

भट्टीपुढच्या माणसाचेही तेच. कुपोला भट्टीत कोक, बीड आणि चुनखडी यांचे थर चढवतात. खालून वारा मारतात. रस तयार झाला की तोंडावरचा मातीचा बुचा फोडून तो लेडलमध्ये घेतात. रस साधारण चौदाशे अंशांचा. वाळूत ओल जास्त राहिली तर वाफ कोंडून रस उसळतो. ओतणाऱ्याला थांबता येत नाही. मध्येच धार तुटली तर ओतकामाला सांधा राहतो आणि तो माल बाद होतो. हे मला पुस्तकातून कळले नाही, त्या विद्यार्थ्याने सांगितले. मराठीत कामगार आला तो मुंबईचा गिरणी कामगार होऊन. मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’पासून नारायण सुर्व्यांपर्यंत एक सलग रेषा काढता येते. पण सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात भट्टीपुढे पिढ्यान्‌पिढ्या उभे राहिलेल्या माणसाची कादंबरी निदान माझ्या वाचनात आलेली नाही. ज्या गावातून मराठीतली तीन सर्वाधिक सुधारक मासिके निघाली, त्या गावच्या मोल्डरचा उजवा हात कसा भाजतो, हे मराठी साहित्याला माहीत नाही.

आणि मग १९४८. गांधीहत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जाळली गेली, त्या लाटेत किर्लोस्करवाडीचा कारखानाही जाळण्यात आला. हा प्रसंग वर्गात आला की शांतता पसरते. मुले एकमेकांकडे बघत नाहीत. कोणाच्या आजोबांचे घर जळले होते, कोणाचे आजोबा जमावात होते, हे विचारायचे नसते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ शिकवून आपण त्या विषयाला हात लावल्याचे समाधान मिळवतो. पण ‘वावटळ’ घरांविषयी आहे. कारखाना जाळणे ही निराळी गोष्ट आहे. त्या कारखान्यात सर्व जातींची माणसे पोटाला मिळवत होती. शेजारच्या कुंडलने चार-पाच वर्षांपूर्वीच प्रतिसरकारची धग पाहिली होती, साम्राज्याशी झुंज घेतली होती. अशा प्रदेशात, अस्पृश्यता न पाळणाऱ्या वसाहतीला, सोवळ्यावर तुटून पडणाऱ्या मासिकाच्या जन्मगावाला आग लागते, याचा अर्थ काय लावायचा? एका बाजूला गौरवग्रंथ हा प्रसंग ‘राखेतून पुन्हा उभारणी’ म्हणून दोन परिच्छेदांत ओलांडतात. दुसऱ्या बाजूला ब्राह्मणेतर चळवळीचा अभिमानाने इतिहास लिहिणारेही येथे आवाज खाली आणतात. मला वाटते, मालकाने दिलेली सुधारणा आणि कामगाराने मिळवलेला हक्क यांतले अंतर त्या आगीने दाखवले, असे म्हणण्याचा मोह टाळला पाहिजे, कारण ते फारच सोयीचे आहे. जमाव तेव्हा असा विचार करीत नव्हता, तो जात पाहत होता. पण ज्या गद्याची मी वर एवढी तरफदारी केली, ते गद्य अठ्ठावीस वर्षे छापले जाऊनही त्या माळापलीकडच्या गावांपर्यंत पोचले नव्हते, हे मात्र नाकारता येत नाही. सुटा भाग नागपूरच्या मध्यमवर्गीय घरात बसला. दोन मैलांवरच्या घरात नाही.

कारखाना पुन्हा सुरू झाला. मासिके पुढे पुण्याला गेली आणि १९८० च्या दशकात त्यांचे मूळ रूप संपले. ‘स्त्री’च्या संपादनातून बाहेर पडलेल्या विद्या बाळ यांनी १९८९ साली ‘मिळून साऱ्याजणी’ काढले, ते निराळे प्रकरण. मासिके गेली आणि पंपांची ओतशाळा राहिली, याचे वाईट वाटून घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला आता तसे फारसे वाटत नाही.

त्या मुलाच्या प्रश्नाने माझ्या शिकवण्यात एक छोटा बदल झाला. पुढच्या वर्षी मी वर्गाला ओतकामातले शब्द गोळा करून आणायला सांगितले. वर्गातल्या नऊ जणांच्या घरात कोणी ना कोणी फौंड्रीत होते. मी इतकी वर्षे शिकवत असून मला याची कल्पना नव्हती. याद्या आल्या त्या अशा: मोल्डिंग, बॉक्स, कोअर, रनर, रायझर, लेडल, हीट, फेटलिंग. त्यांच्याबरोबर मोजके जुने शब्द: भट्टी, भाता, साचा, मळी, बीड. एकीने लिहिले होते, ‘मूस हा शब्द कोणालाच माहीत नाही. बाबा म्हणाले, तो सोनाराला विचार.’ आम्ही समीक्षक अजूनही ‘परंपरेच्या मुशीतून’ लेखक बाहेर काढतो आहोत, ‘साचेबंद’ म्हणून त्याला परत पाठवतो आहोत, आणि कोणाला तरी ‘ओतीव’ शैलीचे प्रमाणपत्र देतो आहोत. आमचा शब्दसंग्रह कुपोलाच्या आधीचा आहे. आत्मा ओतून लिहिणाऱ्या लेखकांची कमतरता नाही. पण ओतताना धार तुटली तर काय होते, हे त्यातल्या किती जणांनी पाहिले आहे?

त्या मुलाचा निबंध मी पुन्हा तपासला. शेरा खोडला. गुण मात्र वाढवले नाहीत, कारण निबंध खरोखरच सामान्य होता. खांडेकरांच्या ध्येयवादावरच्या मार्गदर्शकातून उचललेली वाक्ये त्यात जशीच्या तशी होती. त्याला तसे सांगितले. तो हसला आणि म्हणाला, “मॅडम, मग पॅटर्नबंद लिहा.” समासात मी तसेच लिहिले. या सत्रात त्याने लघुशोधनिबंधासाठी विषय मागितला आहे. ‘रात्रपाळी’ एवढाच शब्द त्याने अर्जावर लिहून दिला आहे. विभागात त्याला मान्यता मिळण्यास अडचण आहे, कारण हा विषय वाङ्मयीन नाही असे दोन सहकाऱ्यांचे मत आहे. बैठक येत्या शनिवारी आहे.